मालगुजारी वाड्याची वीट: जुनं घर कशाच्या जोरावर उभं राहतं आणि कशानं पडतं

नागपूर जिल्ह्यात उमरेड, कुही, मौदा, रामटेक, सावनेर, काटोल यांपैकी कुठल्याही तालुक्यातल्या जुन्या गावात शिरा, एक मोठं घर नजरेत भरतं. दगडी जोतं, त्यावर विटांच्या जाड भिंती, समोर सागवानी खांबांची ओसरी आणि वर कवेलू, म्हणजे मातीची कौलं. बहुतेक ठिकाणी एक बाजू बसलेली असते आणि उरलेल्या भागात भावकीतलं एखादं कुटुंब राहत असतं. गाव त्याला वाडा म्हणतं. गावचा शेतसारा भरणाऱ्या जुन्या मालकाचं, म्हणजे मालगुजाराचं, हे घर. ही घरं आता झपाट्यानं जात आहेत. माझं स्पष्ट मत असं की त्यांतली बरीचशी वयामुळे पडत नाहीत, दुरुस्तीमुळे पडतात. मालक पदरचे पैसे घालून, मनापासून डागडुजी करतो आणि नेमकी तीच घराच्या मुळावर येते. असं का होतं हे कळायला ती भिंत आतून कशी आहे हे आधी बघावं लागेल.

पण त्याआधी थोडा इतिहास, कारण ही घरं कधी आणि का उभी राहिली यावर त्यांची रचना बेतलेली आहे.

पक्की वीट आपल्याकडे इंग्रजांबरोबर आली असा एक समज आहे. तो खोडायला रामटेकच्या वाटेवरचं मनसर पुरेसं आहे. तिथे १९९७-९८ पासून झालेल्या उत्खननात वाकाटक काळातली विटांची प्रचंड बांधकामं उघडी पडली. दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर ती हीच, असं अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे पाचव्या शतकातच या मातीत उत्तम वीट भाजली जात होती. तरीही पुढे कित्येक शतकं खेड्यातलं साधं घर मातीचंच राहिलं. वीट भाजायला लाकूड लागतं, मजुरी लागते, चुना लागतो. एवढा खर्च राजानं करावा, देवळासाठी व्हावा किंवा सरदारानं आपल्या वाड्यावर करावा. नागपूर शहराच्या महाल भागात भोसल्यांच्या काळात असे वाडे उठले, पण खेड्यापर्यंत ते लोण फारसं पोचलं नाही.

त्यामागे पैशाइतकंच हक्काचंही कारण होतं. भोसल्यांच्या राज्यात गावचा पाटील शेतसारा गोळा करून सरकारात भरायचा, पण गाव त्याच्या मालकीचं नव्हतं. सारा थकला तर दुसरा माणूस नेमला जाई. जिथून उद्या उठवलं जाऊ शकतं तिथे कोण दीड फूट जाडीची भिंत बांधेल? १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारले, डलहौसीनं दत्तकाचा हक्क नाकारून राज्य खालसा केलं आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला. त्यानंतरच्या जमीनमहसुलाच्या बंदोबस्तात इंग्रजांनी सारा भरणाऱ्या पाटलांना गावाचे मालकी हक्क दिले. हेच मालगुजार. हक्क आता वंशपरंपरेनं चालणारे, विकता येणारे, गहाण ठेवता येणारे. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, कापसाचे भाव कडाडले, आणि १८६७ मध्ये नागपूरला रेल्वे आली. हक्क, पैसा आणि वाहतूक अशा तिन्ही गोष्टी दहा वर्षांच्या आत जुळून आल्या. आज खेड्यांत दिसणारे विटांचे वाडे मुख्यतः त्यानंतरच्या साठ-सत्तर वर्षांतले आहेत.

रचनाही त्या कामाला साजेशी. हे घर म्हणजे अर्धी कचेरी होती. फाटकातून आत आलं की अंगण, समोर उंच जोत्यावर ओसरी आणि तिच्या एका टोकाला बैठक. सारा, उसनवारी, भांडणं सगळं ओसरीवर चाले. त्यामागे माजघर, देवघर, स्वयंपाकघर, धान्याच्या कोठ्या. जिना भिंतीच्या पोटात, अंधारा आणि अरुंद, वर माडी. मागे विहीर आणि गुरांचा कोठा. कोणी अंगणातच उभं राहायचं, कोणी पायरीपर्यंत यायचं, कोणाला ओसरीवर बसता यायचं, हे जातीवर आणि मानावर ठरलेलं होतं. जोत्याची उंची पावसाच्या पाण्यापासून बचावासाठी होती हे खरं, पण खाली उभ्या कुळाला मालगुजाराकडे मान वर करून बघावं लागे, हेही तितकंच खरं. आणि या विटा थापणारे, चुना मळणारे हात त्या ओसरीवर बसणाऱ्यांचे नव्हते. जुनी वीट हातात घेऊन तिच्या सपाट बाजूवर तिरपा उजेड पडू दिला तर साच्यावरची जादा माती बोटांनी पुसून काढल्याच्या चार समांतर रेघा कधी कधी स्पष्ट दिसतात. ज्यांची नावं कुठल्याही कागदावर नाहीत त्यांची एवढीच नोंद उरली आहे.

आता त्या विटेकडे येऊ.

आपल्याकडची काळी माती पिकाला सोनं, पण विटेला वाईट. तिच्यातल्या चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळताना आक्रसतात. नुसत्या काळ्या मातीची वीट थापली तर सुकतानाच तडकते. म्हणून कन्हान, वैनगंगा, आंब अशा नद्यांच्या काठचा गाळ किंवा गावठाणाची पांढरी माती घ्यायची, तिच्यात राख, धानाचा कोंडा किंवा बारीक रेती मिसळायची, पायानं तुडवायची, लाकडी साच्यात थापायची आणि सावकाश वाळवायची. मग विटा रचून, मधे जळण भरून, बाहेरून मातीनं लिंपून भट्टी पेटवायची. हे काम दिवाळीनंतर सुरू होई आणि पावसाच्या आत उरके.

अशा भट्टीत आच सगळीकडे सारखी लागत नाही. मधल्या विटा खणखणीत भाजतात, जळणाला चिकटलेल्या काही जळून वेड्यावाकड्या होतात आणि कडेच्या अर्धकच्च्या, पिवळट राहतात. जुने गवंडी यातलं काही फेकत नसत. चांगल्या विटा भिंतीच्या दोन्ही तोंडांना लावत आणि मऊ विटा, तुकडे, दगडगोटे आतल्या पोटात भरून वरून चुन्याचा किंवा मातीचा गारा ओतत. पडलेल्या कोपऱ्याशी जाऊन भिंतीचा छेद बघितला की हे तिन्ही थर वेगळे ओळखू येतात. अधूनमधून एक लांब दगड किंवा आडवी वीट दोन्ही तोंडांना बांधून घेत आरपार गेलेली असते. ती नसेल तर काही वर्षांनी बाहेरचं तोंड आतल्यापासून सुटून फुगतं. गवंडी म्हणतात, भिंतीला पोट आलं.

जुन्या विटा आजच्यापेक्षा पातळ का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. पातळ वीट आतपर्यंत नीट वाळते, आणि लाकूड-गोवऱ्यांच्या बेताच्या आचेवरही गाभ्यापर्यंत भाजते. जाड विटेला जास्त आणि सारखी आच हवी. दगडी कोळसा सहज मिळू लागला आणि सरकारी बांधकामांसाठी नऊ बाय साडेचार बाय तीन इंचांचं माप रूढ झालं, तेव्हा ती पातळ वीट मागे पडली. त्यामुळे वाड्यात पातळ विटा असतील तर तो भाग बहुधा जुना, आणि तीन इंची विटा असतील तर नंतरचा. एकाच भिंतीत दोन्ही दिसल्या तर मधे कधीतरी पडझड होऊन भर घातली आहे असं समजावं.

वय ओळखायच्या आणखी काही खुणा आहेत. दारांवर सागाची जाड फळी किंवा विटांची कमान असेल तर काम जुनं. छताला लोखंडी गर्डर आणि त्यांवर दगडी फरश्या असतील तर ते रेल्वे आल्यानंतरचं. गर्डरवरचा रंग खरवडून बघा, कधी कधी ‘डॉर्मन लाँग’सारख्या इंग्लंडमधल्या कारखान्याचं नाव उठावात सापडतं. टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यातून पोलाद निघू लागलं ते १९१२ मध्ये. त्याआधीचा गर्डर परदेशातून आलेला. कवेलूंचंही तसंच. कुंभारानं चाकावर घडवलेलं अर्धगोल कवेलू जुनं. चपटं, खाचांचं, साच्यातलं ते मंगलोरी. मंगळूरला बासेल मिशननं त्याचा कारखाना १८६५ मध्ये काढला आणि आपल्याकडे ते रेल्वेनं आलं.

या घराचं खरं मर्म मात्र विटेत नाही, चुन्यात आहे. इथे थोडं थांबायला हवं.

चुनखडी साधारण ९०० अंशांना भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी टाकलं की तो उसळतो, वाफा सोडतो आणि विझतो. हा विझलेला चुना भिंतीत गेल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत शोषतो आणि पुन्हा चुनखडीच होतो. दगडाचा चुना आणि चुन्याचा परत दगड, असा हा फेरा आहे. सिमेंट पाण्याबरोबर काही तासांत घट्ट होतं. चुन्याला जाड भिंतीत वर्षानुवर्षं लागतात. आपल्याकडे काळ्या मातीच्या थरांत आणि नाल्यांच्या काठी चुनखडीचे खडबडीत गोटे सापडतात, त्यांना कंकर म्हणतात. त्यात मुळातच थोडी चिकणमाती असल्यानं कंकराचा चुना ओलाव्यातही बऱ्यापैकी धरतो. त्यात रेती आणि सुरखी, म्हणजे विटांची पूड, मिसळून बैलानं ओढायच्या घाण्यात मळायचे. सुरखीमुळे चुना पाण्याला जास्त टिकतो. गूळ, बेलफळाचं पाणी, हिरडा, ताग यांचाही वापर होई. त्यानं गारा मळायला सोपा जाई आणि कमी तडकत असे.

अशा चुन्याचे तीन गुण या घराला तारतात. पहिला, तो विटेपेक्षा मऊ असतो. जमीन हलली, भिंत किंचित सरकली तर ताण सांध्यात जिरतो आणि वीट शाबूत राहते. दुसरा, बारीक तडा गेला तर पावसाच्या पाण्यात विरघळलेला चुना त्या फटीत जाऊन पुन्हा घट्ट होतो, म्हणजे भिंत आपल्या लहान जखमा आपणच भरते. तिसरा आणि सगळ्यांत महत्त्वाचा गुण, तो वाफ आरपार जाऊ देतो.

वाफेचं एवढं महत्त्व का? या घरांच्या जोत्यात ओल रोखणारा थर नसतो. समईची वात जसं तेल वर ओढते तशी वीट जमिनीतलं पाणी आपल्या बारीक छिद्रांतून वर ओढते. हे थांबवता येत नाही आणि जुन्या गवंड्यांनी थांबवायचा प्रयत्नही केला नाही. वर चढलेली ओल चुन्याच्या गिलाव्यातून दोन्ही बाजूंनी उडून जाईल अशी सोय त्यांनी केली. जेवढं पाणी येतं तेवढं जातं, आणि भिंत हात-दीड हातापलीकडे ओली होत नाही. आत शेणमातीचं सारवण आणि बाहेर दरवर्षी दिवाळीआधी चुन्याची सफेदी, हा या यंत्रणेच्या देखभालीचा भाग होता.

आता कोणी त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला तर काय होतं बघा. पाणी खालून येतच राहतं, पण बाहेर जायची वाट बंद होते. मग ते कोरडी वाट सापडेपर्यंत वर चढतं. दोन फुटांवरची ओल पाच फुटांवर जाते. पाण्याबरोबर जमिनीतले क्षार येतात. पाणी उडतं तिथे त्यांचे स्फटिक बनतात, विटेच्या छिद्रांत फुगतात आणि वीट आतून पिठासारखी सुटते. यालाच आपण लोणा लागला म्हणतो. बाहेरून सिमेंट गुळगुळीत दिसत असतं आणि आत भिंत पोकळ होत असते. काही पावसाळ्यांनी अख्खा गिलावा विटांचे टवके घेऊन खाली येतो. मालक म्हणतो विटा जुन्या झाल्या, आणि यावेळी आणखी जाड सिमेंट लावतो. सिमेंट वाईट आहे असं मी म्हणत नाही. काँक्रीटच्या घरात ते योग्यच आहे. पण मऊ विटेवर कडक मसाला लावला की ताण घेणारा सांधा राहत नाही आणि तडा थेट विटेतून जातो. मसाला नेहमी विटेपेक्षा मऊ हवा, एवढा एक नियम पाळला तरी अर्धं काम होतं.

याच्या उलट टोकाची चूक शहरातून येते. गिलावा खरवडून विटा उघड्या ठेवायच्या, म्हणजे घर ‘जुनं’ दिसतं. बहुतेक वाड्यांच्या विटा उघड्या ठेवण्यासाठी बनलेल्याच नव्हत्या. गिलावा हे त्यांचं कातडं आहे. ते काढलं की त्यातल्या कमी भाजलेल्या विटा पावसात विरघळू लागतात.

ओलीची आणखी दोन कारणं खास आजची. गावात सिमेंटचा रस्ता होतो, काही वर्षांनी त्यावरच दुसरा होतो, आणि बघता बघता रस्ता जोत्याच्या वर जातो. पावसाचं पाणी मग घराकडे वळतं आणि दगडी जोतं जमिनीत गडप होऊन वीट थेट ओल्या मातीला टेकते. दुसरं कारण कूलर. नागपूरच्या उन्हाळ्यात त्यावाचून निभत नाही, पण खिडकीला टेकवलेला कूलर एप्रिल ते जून भिंतीच्या एकाच जागी पाणी झिरपवत असतो. ज्या महिन्यांत भिंत पूर्ण वाळून पावसाळ्यासाठी तयार व्हायची, त्याच महिन्यांत ती भिजत राहते. कूलर भिंतीपासून हातभर दूर लोखंडी स्टँडवर ठेवून खाली पाणी वाहून जायला उतार दिला की हा त्रास जातो.

गंमत म्हणजे या भिंती मुळात उन्हाशी सामना करायला बांधलेल्या आहेत. उष्णता भिंतीतून सावकाश प्रवास करते. आजच्या चार-पाच इंची स्लॅबमधून ती तीनेक तासांत आत पोचते, नऊ इंची विटेतून साधारण सातेक तासांत, आणि दीड फुटी भिंतीतून बारा तासांहून जास्त वेळानं, तीही बरीच मंदावून. दुपारी तीनला बाहेर पंचेचाळीस अंश असताना माजघर बऱ्यापैकी गार असतं. ती उष्णता आत उतरते तेव्हा उत्तररात्र झालेली असते आणि माणसं अंगणात खाटा टाकून झोपलेली असतात. कवेलूंच्या फटींतून गरम हवा वर निसटते. माडीखालच्या छतावर फळ्या आणि मातीचा थर असतो, तो वरून येणारी धग अडवतो. कवेलू काढून टीन टाकलं की यातलं बरंच काही एका दिवसात संपतं, आणि मग लोक म्हणतात हे जुनं घर फार तापतं.

पाया हा वेगळा विषय आहे, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. जिल्ह्याच्या पश्चिम भागात काळी माती खोल आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती फुगते, आणि तिच्यावर टेकलेली भिंत दरवर्षी थोडी वर-खाली होते. जाणते बांधणारे काळी माती काढून मुरमापर्यंत पाया नेत. दाराच्या कोपऱ्यातून तिरपा वर जाणारा तडा दिसला, उन्हाळ्यात रुंदावला आणि पावसाळ्यात मिटला, तर पाया मुरमावर नाही असं समजावं. त्या तड्यात सिमेंट भरणं व्यर्थ. पाणी घराजवळ मुरणार नाही एवढं बघितलं तरी हालचाल कमी होते.

मग इतकी पक्की घरं अचानक ओस का पडली? ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी कायद्यानं संपली. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होतं. कुळांना जमिनी मिळाल्या, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण वाड्याचा खर्च ज्या उत्पन्नावर चालायचा ते थांबलं. पावसाआधी कवेलू फेरणं, म्हणजे उतरवून पुन्हा नीट रचणं, सफेदी, सारवण हे सगळं दरवर्षीचं काम. त्यात वाटण्या झाल्या, एका चौकाचे चार मालक झाले, मधे भिंती उठल्या. एकाचं छत गळतं आणि ओल दुसऱ्याच्या भिंतीत उतरते. पडझडीची सुरुवात बहुधा छतातूनच होते. चार कवेलू सरकली, पाणी भिंतीच्या माथ्यातून पोटात शिरलं, आतला मातीचा गारा वाहून गेला, की दोन्ही तोंडं एकमेकांपासून सुटतात.

तुमच्या घरी असा वाडा असेल तर क्रम असा ठेवा. आधी छत: मे महिन्यात कवेलू फेरून घ्या, फुटलेली बदला, वाशांची वाळवी बघा. मग भोवतालचं पाणी: जोत्याभोवतीची चढलेली माती काढा, नाली भिंतीपासून दूर न्या, भिंतीत उगवलेला पिंपळ मुळासकट काढा. भिंतीला हात सर्वांत शेवटी. ओल कुठून येते हे बघायला प्लास्टिकचा वीतभर तुकडा चारी बाजूंनी चिकटवून एक दिवस ठेवा. पाणी आतल्या बाजूला साचलं तर ते भिंतीतून येतंय, बाहेरच्या बाजूला दिसलं तर खोलीतल्या दमट हवेतून. सिमेंटचा गिलावा असेल तर तो छिन्नीनं हलक्या हातानं काढा आणि भिंत एक पूर्ण उन्हाळा उघडी वाळू द्या. या मधल्या काळात घर विद्रूप दिसतं, पण ही पायरी गाळली तर पुढचं सगळं वाया जातं. भिंतीला पोट आलं असेल किंवा ती ओळंब्यात नसेल तर मात्र स्वतः काही करू नका. आधी टेकू द्या आणि जुन्या बांधकामाची जाण असलेल्या अभियंत्याला दाखवा. नागपुरात वारसा जपणाऱ्या ‘इंटॅक’ या संस्थेची शाखा आहे आणि विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत वास्तुकलेचा (आर्किटेक्चरचा) विभाग आहे, तिथे विचारता येतं.

नवा गिलावा चुना, रेती आणि सुरखीचा. चुना निदान काही आठवडे पाण्यात मुरलेला घ्यावा. रंगकामाच्या दुकानातली जुनी, हवा लागलेली पूड भिंतीत धरत नाही. हाताशी चुन्याचं काम केलेला गवंडी नसेल तर आधी कोठ्याच्या भिंतीवर हातभर जागेत करून बघावं. आणि हे काम मार्च-एप्रिलमध्ये काढू नये. आपल्या उन्हात गिलावा धरायच्या आधीच कोरडा पडतो आणि हात लावताच भुगा होतो. दिवाळीनंतर ते माघापर्यंतचा काळ चांगला. प्रत्येक थर पातळ द्यावा, वर ओलं पोतं सोडावं, दिवसातून दोनदा पाणी शिंपडावं, आणि पहिला थर नखानं ओरखडत नाही तोवर दुसरा चढवू नये.